कॉलेज प्रवेश आणि शिष्यवृत्ती : कागदांची लढाई

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. लिहून काढताना बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीने मला आज ‘धम्म आणि शिक्षण’ हा विषय दिला होता. विषय मोठा आहे. पण धम्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, आणि व्यासपीठावर भन्तेजी बसलेले असताना मी तो आव आणूही नये. मी एका महाविद्यालयात तेहतीस वर्षे कारकून होतो. त्यातली बहुतेक वर्षे शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेली. तेव्हा समितीची परवानगी घेऊन मी विषय जरा खाली उतरवला आहे. कॉलेजात नाव कसं घालायचं, आणि त्याला लागणारा पैसा सरकारकडून कसा मिळवायचा, एवढंच मी बोलणार आहे. काही मंडळींना वाटेल, वर्धापनदिनाला हे काय कारकुनी पुराण! वाटू द्या. मघाशी मी बाहेर बारावी झालेल्या चार मुलांना विचारलं, “जातीचा दाखला काढला का?” तिघांनी मान हलवली, ती आडवी. चौथा म्हणाला, “पप्पांना माहीत.” पप्पा तिथेच उभे होते, त्यांनाही माहीत नव्हतं.

आधी थोडं मागे जातो. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने सत्काराची सभा झाली, आणि त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ही गोष्ट आपण सगळे सांगतो, कारण ती आपल्या धम्माशी जोडलेली आहे. पण ह्याच केळुसकर गुरुजींनी दुसरं एक काम केलं, ते आपण भरभर सांगून पुढे जातो. त्यांनी ह्या हुशार मुलाची गाठ बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी घालून दिली. त्यातून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. १९१३ मध्ये त्याच बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. म्हणजे अटी होत्या, मुदत होती, करारावर सही होती. १९१७ मध्ये मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्ध्यावर सोडून त्यांना परत यावं लागलं. विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी तेवढी त्यांनी पदरात पाडून घेतली. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राने दिलेले कर्ज, असं सगळं जुळवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. बुद्धी बाबासाहेबांजवळ होतीच. पण ती बुद्धी आणि तो पैसा ह्यांच्यामध्ये कोणीतरी एक केळुसकर लागला. आपल्या गल्लीत बुद्धीची कमी नाही. केळुसकर कमी आहेत.

आता सरकारी शिष्यवृत्ती. पुष्कळ लोकांना वाटतं ती कुठल्यातरी पक्षाने दिली. तसं नाही. बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, आणि त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक सविस्तर निवेदन व्हाइसरॉयकडे दिलं. आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा बाजूला काढलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासून सुरू झाली. देश स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षे आधी! पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. ते सकाळचं भरायचं, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं. १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पुढे ज्याला आपण मिलिंद म्हणून ओळखू लागलो ते महाविद्यालय उभं राहिलं. एका बाजूला कॉलेज आणि दुसऱ्या बाजूला फी, दोन्हीची सोय त्या एका माणसाने पाहिली. आपल्याकडे राहिलं काय, तर फॉर्म भरणं.

आणि तिथेच आपण मार खातो. मीसुद्धा खाल्ला आहे, म्हणजे दुसऱ्याला खायला लावला आहे. ती गोष्ट आज सांगतो. ती मी घरात सोडून कुठे बोललेलो नाही.

१९९४ ची गोष्ट. तेव्हा फॉर्म कागदाचे होते. आमच्या टेबलावर जुलै-ऑगस्टमध्ये गठ्ठेच्या गठ्ठे पडायचे. एक मुलगा आला, खेड्यातला, वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला. अंगात शाळेचाच पांढरा शर्ट. मी कागद पाहिले. वडिलांचं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर घरच्या हाकेचं, दुसरंच. मी म्हणालो, “दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आण.” तो गेला. आठ दिवसांनी आला. स्टँपपेपर आणला होता, पण त्याच्यावर गोल शिक्का नव्हता. मी पुन्हा परत पाठवला. नियमाप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं. पण एका खेपेला त्याचं एसटीचं भाडं जात होतं, वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडत होता, आणि वर स्टँपपेपरचा खर्च. हा हिशेब मी केला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक जुने कारकून होते, आपल्या समाजाचे नव्हते. ते अशा वेळी फॉर्म ठेवून घ्यायचे, वर पेन्सिलीने ‘त्रुटी’ लिहायचे आणि मुलाला म्हणायचे, “महिनाभरात आणून दे.” मला ते सुचलं नाही. मला वाटायचं, आपल्या मुलाचा फॉर्म आहे, तो एकदम चोख पाहिजे, कोणी बोट ठेवायला नको.

तिसऱ्यांदा तो आलाच नाही. परीक्षेच्या यादीत नाव दिसलं नाही तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुढच्या वर्षी एसटी स्टँडवर तो मला दिसला. पोती चढवत होता. त्यानेच आधी जयभीम घातला. आणि बळेच मला चहाला घेऊन गेला, पैसे त्याने दिले. मी विचारलं, “का रे आला नाहीस?” म्हणाला, “सर, तुम्ही काय वाईट केलं नाही. कागदच जमेना.” तो चहा मला अजून आठवतो.

त्यानंतर मी एकही फॉर्म परत पाठवला नाही, ठेवून घेतला. पण आता तसं ठेवून घेणारा माणूसच समोर नाही. २०१८ च्या आसपासपासून सगळं महाडीबीटीच्या पोर्टलवर गेलं. कॉम्प्युटरला पेन्सिल चालत नाही. म्हणून आता कागद आधीच चोख लागतात, आणि म्हणून हे सगळं बोलणं.

पहिला कागद जातीचा दाखला. तो प्रांत कार्यालयातून मिळतो, अर्ज सेतू केंद्रातून किंवा ऑनलाइन जातो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख पाठ करून ठेवा. त्या तारखेला किंवा त्याच्या आधी आपलं कुटुंब ह्या राज्याच्या हद्दीत राहत होतं, आणि आपली जात अमुक होती, हे दाखवणारा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर प्रश्न मिटला. गावच्या प्राथमिक शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं, त्यातला उतारा घ्या. पण आपल्यातले किती आजोबा शाळेत गेले? शाळेच्या बाहेर बसवलं त्यांचं नाव रजिस्टरात कुठून येणार! अशांनी दोन ठिकाणी बघा. एक, गावाचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूच्या नोंदीचं. जन्म कोणाच्या घरी झाला ते जातीसकट त्यात लिहिलेलं असे. जुनी पानं मोडीत असतात, त्याचं भाषांतर करून घ्यावं लागतं. दुसरं, वतनाचे कागद. महार वतन म्हणजे आपल्या बापजाद्यांच्या गळ्यातला फास. बाबासाहेब त्याच्याविरुद्ध आयुष्यभर लढले, आणि मुंबई राज्याने १९५८ मध्ये कायदा करून ती वतनं बंद केली. पण त्याच वतनाची नोंद आज नातवाच्या शिक्षणाला पुरावा म्हणून उपयोगी पडते. माझ्या टेबलावर अशी कितीतरी प्रकरणं आली. फाटका उतारा बघितला की मला एका डोळ्याने हसू यायचं.

आता एक नाजूक विषय. तो ह्या विहारात बोलायला पाहिजे, बाहेर कोणी बोलणार नाही. आमच्याकडे एकदा एक आजोबा नातवाबरोबर आले होते. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर होते म्हणून सांगत. दाखल्याच्या अर्जात मूळ जातीचा रकाना पाहिला आणि त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणाले, “साहेब, देव आम्ही नदीत सोडले. ते नाव आम्ही तिथेच टाकून आलो. आता नातवाच्या हाताने पुन्हा ते लिहायचं का?” नातू खाली मान घालून उभा. त्याचं मेडिकलला नाव लागलेलं होतं.

त्यांना मी जे सांगितलं ते तुम्हाला सांगतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांना जागा नव्हती. दीक्षा घेतली आणि आपल्या लोकांच्या केंद्राच्या सवलती गेल्या. तरी लोकांनी दीक्षा सोडली नाही, हा केवढा मोठा त्याग होता! महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झालं तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती चालू केल्या. केंद्राच्या मात्र नाहीत. त्यासाठी १९९० साल उजाडावं लागलं. व्ही. पी. सिंग पंतप्रधान असताना संसदेने त्या आदेशात दुरुस्ती केली आणि ‘बौद्ध’ हा शब्द आत आला. चौतीस वर्षे! त्या चौतीस वर्षांत किती मुलं केंद्राच्या नोकरीला मुकली असतील. म्हणून आता सवलत घेताना बौद्धपण लपवायचं कारणच उरलेलं नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा, ठळक अक्षरात लिहा. केंद्रासाठी जो दाखला लागतो त्याच्यात पूर्वीची जात कोणती आणि आता धर्म बौद्ध, अशी दोन्ही नोंद असते. ते नाव आपली ओळख म्हणून लिहायचं नाही. आपल्यावर काय अन्याय झाला होता त्याचा तो पुरावा. कोर्टात जखमेचा दाखला देतो ना, तसा.

आजोबांना ते पटलं की नाही मला माहीत नाही. बराच वेळ ते बाहेरच्या बाकावर बसले होते. मग आत येऊन म्हणाले, “लिहा. पण धर्माचं आधी लिहा.” आम्ही तसंच लिहिलं.

ह्याला जोडून पालकांना विनंती. पहिलीत नाव घालताना मास्तर विचारतात आणि आपण घाईत काहीही सांगून येतो. थोरल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू’, धाकट्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, आणि मुलीच्या दाखल्यावर जातीचा रकाना कोरा. एकाच घरात तीन तऱ्हा. बारा वर्षांनी हे सगळे कागद एका टेबलावर येतात आणि तिथला माणूस विचारतो, ही भावंडं आहेत का? शाळेत असतानाच दुरुस्ती करून घ्या. शाळा सुटल्यावर ती फार अवघड होते.

जातवैधता, म्हणजे व्हॅलिडिटी, हा त्याच्या पुढचा टप्पा. इंजिनिअरिंग, मेडिकल अशा राखीव जागांना ती लागते. जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाकायचा असतो. आपली मुलं सीईटीचा निकाल लागल्यावर धावतात. मग दाखला मिळेपर्यंत जागा हातातून जाते की काय ह्या चिंतेत आईबापांची झोप उडते. वडील, सख्खा काका, चुलतभाऊ, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता झालेली असेल तर ती जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. आणि इथे मी एक वाईट अनुभव सांगतो. नोकरीतले काका वैधतेची झेरॉक्स द्यायला तयार नसतात. भावाभावांत बांधावरून भांडण, म्हणून पुतण्याला कागद नाही. विहारात मेणबत्ती शेजारी शेजारी लावतात, पण झेरॉक्स देत नाहीत! असे कोणी इथे बसले असतील तर त्यांनी रागावू नये. कागद मात्र द्यावा.

लग्न झालेल्या मुलींचं वेगळं सांगतो. जात जन्माने ठरते. दाखला माहेरच्या नावाने, वडिलांच्या कागदांवर निघतो. तेव्हा मुलीचं लग्न ठरलं तरी आधी तिचा दाखला काढा, मग पत्रिका छापा. लग्नानंतर शिकू पाहणाऱ्या कितीतरी मुली केवळ माहेरी जाऊन कागद आणायला कोणी सोबत नाही म्हणून अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचा. त्याच्यावर मुदतीची तारीख असते, बहुधा ३१ मार्च, ती बघून घ्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. त्याच्या वर उत्पन्न असलं तरी फॉर्म सोडायचा नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलांना त्यापुढे फ्रीशिपची योजना आहे, त्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं, निर्वाहभत्ता मिळत नाही. नोकरदारांना हे माहीतच नसतं. आणि काही नोकरदार उत्पन्न कमी दाखवून दाखला काढतात. ते करू नका. आपण पंचशील घेतो, त्यातलं दुसरं आणि चौथं शील एकाच फॉर्मवर मोडतं.

रक्कम किती, हे मुलं नेहमी विचारतात. केंद्राच्या २०२१ च्या नियमावलीत अभ्यासक्रमांचे चार गट केले आहेत. अकरावी-बारावीला घरी राहणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ४,००० रुपये भत्ता. साध्या पदवीला ३,००० आणि ६,०००. मेडिकल-इंजिनिअरिंगसारख्या पहिल्या गटाला ७,००० आणि १३,५००. फीचा भाग वेगळा. भत्त्याच्या पैशात काय होतं, असं म्हणाल तर फार काही होत नाही, मीही मान्य करतो. एका महिन्याच्या खोलीभाड्यात ते संपतात. पण खरा आधार फीचा आहे. आणि ७५ टक्के हजेरीची अट आहे, हेही ध्यानात ठेवा. नाव घालून पुण्याला कामाला निघून जाणाऱ्यांना हे लागू आहे.

भत्त्यापेक्षा मोठी मदत राहण्या-जेवणाची. सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत, तिथे अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर ह्या शहरांत शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये. त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे धरलेले आहेत. त्याहून लहान महानगरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. उत्पन्नाची मर्यादा तीच, गुणांची अट आहे, आणि ज्या गावात शिकतो त्या गावचा तो रहिवासी नसावा. पैसे उशिरा येतात ही तक्रार खरी आहे. काही वेळा वर्ष संपत आल्यावर येतात. तोपर्यंत खानावळवाला थांबत नाही. म्हणून पहिल्या चार महिन्यांची सोय घरातून, नातेवाइकांतून आधी बघा, आणि मगच मुलाला गाडीत बसवा. हे मी कटू बोलतो आहे, पण अर्ध्यातून परत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता बँक. आधार ज्या बँक खात्याला सर्वांत शेवटी जोडलं, पैसे तिकडे जातात. फॉर्मवर तुम्ही कुठल्या पासबुकाचा नंबर सांगता त्याला महत्त्व नाही. एका मुलीचे पैसे दोन वर्षे आले नाहीत म्हणून घरात रडारड. शेवटी कळलं की बाजाराच्या दिवशी कोणीतरी टेबल टाकून शून्य रकमेची खाती उघडत होता, तिथे तिने अंगठा दिला होता. पैसे त्या खात्यात निवांत पडलेले! तिला त्या बँकेचं नावसुद्धा आठवत नव्हतं. बँकेत जाऊन आधार कुठे जोडलेलं आहे ते एकदा विचारून या. आणि आधारवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच पाहिजे.

पैसे खात्यावर आले की दुसरा धोका. नव्या पद्धतीत केंद्राच्या वाट्याचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, आणि त्यातली फी त्याने कॉलेजला भरायची असते. पूर्वी फी परस्पर कॉलेजकडे जायची, मुलाच्या हातात फक्त भत्ता पडायचा, तोही महसूल तिकिटावर सही करून. आता एकदम मोठी रक्कम दिसते. घरात कोणी आजारी असतं, छपराचे पत्रे उडालेले असतात. २०२२ मध्ये माझ्याकडे एक मुलगी आली, नर्सिंगची. तिचे फीचे पैसे आईच्या ऑपरेशनला गेले. कोण तिला दोष देणार? पण कॉलेजने तिचे मूळ कागद अडवले आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म घेईना. तिचं वर्ष गेलं. मूळ कागद अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच संस्थांना कळवलेलं आहे. शिष्यवृत्तीला पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी आगाऊ शिक्षण शुल्क मागू नये, असंही शासनाने अनेकदा सांगितलं आहे. पण एकटी मुलगी हे कागद घेऊन प्राचार्यांच्या केबिनीत उभी राहू शकत नाही. तिच्याबरोबर समितीचे दोन माणसं गेले असते तर निदान हप्ते बांधून मिळाले असते. फीचा पैसा खात्यात आला की त्याच आठवड्यात भरून पावती घ्या, आणि पावतीची झेरॉक्स आईच्या पेटीत ठेवा.

पोर्टलवर फॉर्म भरला म्हणजे संपलं असंही नाही. तो आधी कॉलेजच्या कारकुनाकडे जातो, मग प्राचार्य, मग समाजकल्याणचे सहायक आयुक्त. कुठेही त्रुटी निघाली की तो परत तुमच्याकडे येतो, आणि ते फक्त मोबाईलवर कळतं. मोबाईल नंबर बदललेला असतो किंवा नंबर सायबरवाल्याचा असतो! पासवर्डसुद्धा त्याच्याकडेच. मित्रांनो, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा, आणि पंधरा दिवसांनी एकदा फॉर्म कुठे पोहोचला ते बघा. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते आपोआप होत नाही.

कोणतं कॉलेज, ह्याबद्दल थोडंच सांगतो. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले, तिथे पसंतीक्रम नीट भरा. गावोगाव फिरून “शिष्यवृत्तीवर फुकट ॲडमिशन” म्हणणाऱ्या एजंटांपासून सांभाळा. अभ्यासक्रमाला सरकारची, विद्यापीठाची मान्यता आहे का ते समाजकल्याण कार्यालयात विचारून मगच मूळ दाखला हातातून सोडा. ज्यांना रोज कॉलेजला जाणं जमत नाही त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. आपल्या महिला मंडळातल्या दोन भगिनी तिथून पदवीधर झाल्या, आणि त्या वेळी त्यांची मुलं दहावीला होती. आणि आयटीआयला कमी लेखू नका. माझ्या धाकट्या भावाने वायरमनचा ट्रेड केला, तो माझ्या आधी पेन्शनीत गेला आणि त्याचं घर माझ्यापेक्षा मोठं आहे.

समितीला माझी एकच मागणी आहे. विहाराच्या मागच्या खोलीत सध्या सजावटीचं सामान आणि जुन्या मिरवणुकीची ट्रॉली ठेवलेली आहे. ती खोली जून ते सप्टेंबर मोकळी करून द्यावी. एक टेबल, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर. पोर्टल चालवणारी दोन मुलं मी बघून ठेवली आहेत. मी स्वतः दर रविवारी वंदना झाल्यावर बसेन, दृष्टी आहे तोपर्यंत. अध्यक्ष महाशय मान हलवत आहेत, ती उभी हलते आहे असं मी धरून चालतो.

येत्या रविवारपासूनच सुरू करू. येताना आजोबांचा जो काही कागद असेल तो आणा, फाटका असला तरी आणा, चिकटवू नका. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, पासबुक, रेशनकार्ड, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. नाक्यावरचं झेरॉक्सचं दुकान रविवारी बंद असतं, तेव्हा शनिवारीच काढून ठेवा. आणि एखादा कागद कमी असला तरी या. फॉर्म मी ठेवून घेईन.

जयभीम! नमो बुद्धाय!